योकोहामाहून आलेला हिशेब

10 जुलै 1893 रोजी स्वामी विवेकानंदांनी जपानमधील योकोहामाहून मद्रासच्या आपल्या तरुण शिष्यांना एक लांबलचक पत्र लिहिले. शिकागोची सर्वधर्म परिषद तेव्हा दोन महिने दूर होती आणि त्यांना जगात फारसे कोणी ओळखत नव्हते. 31 मे रोजी मुंबईहून ‘पेनिन्सुलर’ बोटीने निघाल्यापासून जे पाहिले ते त्यांनी त्यात ओळीने सांगितले आहे: सिंगापूरचे संग्रहालय, तिथल्या वनस्पती उद्यानातील ताडवृक्ष, हाँगकाँगमध्ये पाठीशी मूल बांधून कष्ट करणाऱ्या बाया, जपानमधील स्वच्छता, काडेपेट्यांचे कारखाने. आपल्या तरुणांनी दरवर्षी मोठ्या संख्येने चीन-जपान पाहून यावे, अशी इच्छाही त्यात आहे. हे पत्र ज्यांना लिहिले, त्या अळसिंगा पेरुमल आणि त्यांच्या मित्रांनी प्रवासखर्चासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली होती. म्हणजे ज्यांनी पाठवले, त्यांना दिलेला हा हिशेब होता. पैशांचा नव्हे, पाहण्याचा.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावात शुकदास महाराजांनी विवेकानंदांच्याच नावाने आश्रम उभा केला. शाळा आणि कृषी महाविद्यालय त्याच नावाने चालतात. बाहेरच्यांना हे गाव जानेवारीतील विवेकानंद जन्मोत्सवामुळे ठाऊक असते. शेतात बसलेल्या लांबच लांब पंगती आणि ट्रॅक्टरमधून होणारे वाढप ज्याने पाहिले, तो या गावाच्या नियोजनशक्तीबद्दल शंका घेणार नाही. माझे म्हणणे असे की अशा गावातील महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशातील एखाद्या शहराच्या अभ्यास दौऱ्यावर जरूर न्यावे, आणि त्या दौऱ्याचा हिशेब योकोहामाच्या पत्रासारखाच गावाला द्यावा. हे दुसरे नसेल, तर पहिल्याचा आग्रह मी धरणार नाही.

विवेकानंदांच्या वाटेवरचे सिंगापूरच घ्या. बुलढाणा जिल्हा क्षेत्रफळाने त्याच्या बारापटीहून मोठा. तिथे पाऊस आपल्या जवळपास तिप्पट पडतो, पण साठवायला जागा नाही. म्हणून दोनतृतीयांश भूभागावर पडणारे पाणी गटारे-कालव्यांतून जलाशयांत नेले जाते. मलेशियातील जोहोरकडून 1962 च्या करारानुसार पाणी विकत घेतले जाते. हा करार 2061 मध्ये संपणार, या धास्तीपोटीही 2003 पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले जाते. पैनगंगेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरातला मुलगा हे पाहील, तेव्हा त्याला यंत्रापेक्षा महत्त्वाचे काही दिसायला हवे: अनेक दशके पुढचा विचार करून आज खर्च करणारा कारभार. तिथल्याच वनस्पती उद्यानात 1888 पासून हेन्री रिडली नावाचा संचालक रबराच्या झाडाला न मारता चीक काढण्याची रीत बसवत होता. मळेवाले त्याला वेडा म्हणत. पुढे आग्नेय आशियाची शेतीच त्या झाडाने बदलली. विवेकानंदांनी ताडवृक्ष पाहिले तेव्हा हा माणूस तिथेच कामाला होता. कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला संशोधन म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगली जागा कोणती? आणि संस्कृती पाहायची तर ती नुसत्या देवळांत नसते. आपण सोयाबीन पिकवतो, आडतीवर घालतो, पुढे त्याचे तेल आणि पेंड होते. तिथे रस्त्याकडेच्या खाद्यकेंद्रात तेच सोयाबीन दूध आणि टोफू होऊन रोज ताटात येते. आपल्या बापाने विकलेल्या पिकाची ही दुसरी ओळख पुस्तकातून नीट होत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात परदेशी सहल? पण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले आई-वडिलांबरोबर जग पाहतातच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला ती संधी मिळालीच तर महाविद्यालयाकडूनच मिळेल. म्हणून ‘ज्याने भरले तो आला’ हा नियम मला मुळातच चुकीचा वाटतो. तशी सहल ऐपतवाल्यांचीच होणार. निधी माजी विद्यार्थ्यांनी, गावाने, संस्थेने मिळून उभारावा, निवड उघड निकषांवर व्हावी आणि निम्म्या मुली असाव्यात. शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांना राज्याचा कृषी विभाग अनुदान देतो. उद्याच्या शेतकऱ्याला ते का मिळू नये?

दुसरा आक्षेप, आधी आपले लोणार सरोवर तरी पाहा. हे शंभर टक्के मान्य. विवेकानंदांनीही आधी देश पायी तुडवला, मग बोट धरली. शेजारच्या तालुक्यातील बेसाल्टमधले हे आघाती विवर पाहायला जगभरचे संशोधक येतात, 2020 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. त्या सरोवराचे पाणी का बदलते याची वही ज्याने भरली नाही, त्याला परदेशाच्या यादीत घेऊ नये.

खरी अडचण तिसऱ्या आक्षेपात आहे: हे दौरे शेवटी फोटो आणि खरेदीतच संपतात. बहुतेक वेळा ते खरेही असते, कारण परतल्यावर कोणी विचारणारा नसतो. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या शिवारातला एक प्रश्न लिहून द्यावा, मुक्कामात रोज नोंद ठेवावी, आणि परतल्यावर महिन्याभरात मराठीत, ग्रामसभेत, खर्चाच्या आकड्यांसह सांगावे. इंग्रजी अहवाल कपाटात जातात. ग्रामसभेत मात्र कोणीतरी मागच्या रांगेतून उठून विचारेलच, की त्या दुधाला सोयाबीन कोणते लागते, ते आपल्याकडे येते का, आणि ते करणाऱ्याच्या हातात किलोमागे किती उरते.