शब्दांचे कलम

पोर्तुगीज भाषेच्या शिकवणीचे वेड आमच्या काही ख्रिस्ती घरांत पुन्हा डोके वर काढू लागले आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागण्याची वाट असते, हे त्यामागचे एक कारण. 'ती आपल्या पूर्वजांची भाषा' हा अभिमान, हे दुसरे. मुलांना सोपे पडावे म्हणून आरंभ बागेपासून होतो. बागेला 'झार्दिं', बीला 'सेमेंते', कुदळीला 'एन्शादा'. मुले धडाधडा पाठ म्हणून दाखवतात आणि आईवडील कौतुकाने पाहुण्यांकडे पाहतात. त्याच मुलांना खुरपे कोणते आणि विळा कोणता, असे विचारावे, तर ती गोंधळून गप्प बसतात.

परभाषा शिकण्यास आमचा विरोध नाही. सेमिनरीत लॅटिन शिकलेला धर्मगुरू तसा विरोध कोणत्या तोंडाने करील? आमचा विरोध आहे तो या समजुतीला, की पोर्तुगीज बोलणे म्हणजे वरची पायरी आणि मराठी बोलणे म्हणजे खालची. याच समजुतीचे जुळे भावंड बाहेरच्या जगात वावरत असते. आमचा 'नाताळ' आणि आमचे 'पाद्री' हे शब्द पोर्तुगीज, सबब आम्हीही परके, असे म्हणणारे काही कमी नाहीत. एकजण परकेपणाची फुशारकी मारतो, दुसरा त्याच परकेपणाचा ठपका ठेवतो. चूक मात्र दोघांची एकच. शब्द जिथून आला तिथलाच तो कायमचा राहतो, असे दोघेही धरून चालतात.

या दोघांनाही आम्ही कोल्हापूरकडच्या कोणत्याही परसात यायचे निमंत्रण देतो. तिथे पेरू आहे, पपई आहे. पलीकडच्या वाफ्यात बटाटा आहे. माती उचलायला घमेले, पाणी घालायला बादली आणि ते साठवायला पिंप आहे. हे सारे शब्द पोर्तुगीजांच्या वाटेने मराठीत आले. आंब्यांतल्या 'हापूस'मध्ये 'अफोंसो' हे नाव लपले आहे. आजरा-चंदगडचा शेतकरी काजू वेचतो, कागल-निपाणीकडचा तंबाखू लावतो. लिस्बन शहर कोणत्या दिशेला आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो. त्या भाषेचे शब्द तो दिवसभर उच्चारतो, आणि त्यासाठी तो कोणत्याही शिकवणीला गेलेला नाही.

आता हे शब्द परत त्यांच्या 'माहेरी' धाडून पाहू. लिस्बनच्या बाजारात 'पेरू' मागितला, तर दुकानदार टर्की नावाचा पक्षी दाखवील. तिथे 'पेरू' म्हणजे टर्की, आणि आपल्या पेरूला 'गोयाबा' म्हणतात. आपला शब्द नासपतीच्या 'पेरा' या नावावरून निघाला आणि इथल्या मातीत दुसऱ्याच फळाला चिकटला. 'अननस' आणि 'काजू' हे शब्द तर मुळात पोर्तुगीजांचेही नव्हेत. ब्राझीलमधील तुपी भाषा बोलणाऱ्या आदिवासींकडून त्यांनी ते उचलले. उलट आंब्याला ते 'मांगा' आणि फणसाला 'जाका' म्हणतात, ते शब्द त्यांनी आपल्या मलबार किनाऱ्यावरून नेले. ज्या भाषेचा तोरा मिरवायचा, तिची बागच अशी दहा घरांच्या रोपांनी भरलेली आहे.

शुद्धतेच्या कैवाऱ्यांनाही आमचा एक प्रश्न आहे. परके शब्द उपटायचेच, तर सुरुवात कुठून करणार? 'बाग' हा शब्द फारसी आहे. ज्या 'कलमा'वर कोकणातील आंब्याचे वैभव उभे आहे, ते अरबी आहे. आणि शब्दांवर न थांबता झाडेही उपटायची ठरवली, तर मिरची जाईल. ती अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगीज गलबतांनी इथे आणली. आपल्या लोकांनी मिऱ्यावरून तिला नाव दिले आणि ती आपली झाली. मिरचीवाचून तांबडा रस्सा करून दाखवावा. मग आम्ही शुद्धतेचा विचार करू.

तरीही आमचे खरे भांडण घरच्यांशीच आहे. पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्यांनी तो पुरता सांगावा. गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने १६८४ साली हुकूम काढला, की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. हुकूम कागदावर राहिला, आणि ज्या कोकणीचा गळा घोटायचा होता ती १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली. पेरू-पपईसाठी मात्र कोणी हुकूम काढला नव्हता. बी हातातून हातात गेले, त्याबरोबर शब्द गेला, आणि तो टिकला. सक्तीने लादलेली भाषा लोकांनी नाकारली. शेजारधर्माने आलेला शब्द त्यांनी ठेवून घेतला.

त्या काळी शिकण्याचा ओघ उलट दिशेनेही वाहत होता, याचाही विसर पडू नये. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या वनस्पतींची नावे आणि गुण विचारून विचारून टिपले. त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. जन्माने इंग्रज, वावर पोर्तुगीज राज्यात, पण १६१६ साली छापून आलेले 'ख्रिस्तपुराण' त्यांनी मराठी ओवीत रचले. त्या ग्रंथात मराठीचा गौरव करताना त्यांना फुलांतली मोगरी आठवली. परदेशी धर्मगुरूला जी भाषा मोगरीसारखी वाटली, ती आमच्याच मुलांना ओशाळवाणी वाटावी काय?

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे इतकेच, की पोर्तुगीज अवश्य शिकवा. पण मुलाला आधी परसात न्या. खुरपे त्याच्या हातात द्या आणि त्याला खुरपे म्हणू द्या. वाफा, आळे, रोप, कोंब हे शब्द त्याच्या जिभेवर बसू द्या. मग घमेले कुठून आले आणि पपई कोणाकडून, ते सांगा. असे शिकलेले मूल पोर्तुगीजही गोडीने शिकेल, कारण ती भाषा त्याला आपल्याच अंगणात ओळखीची होऊन भेटेल. त्याला कोणी परका म्हटले, तर उत्तर देण्याइतके ज्ञानही त्याच्यापाशी असेल.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात रानटी जैतुनाच्या फांदीचे कलम सांगितले आहे. चांगल्या झाडावर बांधलेल्या त्या फांदीने गर्व करू नये, कारण ती मुळाला नव्हे, मूळच तिला पोसते, असा त्याचा इशारा आहे. आमचे मराठीपण हे असे मूळ आहे. आणि पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेनाने प्रभूला माळी समजले, हेही आठवावे. त्याने नावाने हाक मारताच तिला ओळख पटली, आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो तिच्या स्वतःच्या भाषेतला होता. आमच्या मुलांनाही तशी हाक येईल, तेव्हा ओ देण्यापुरती तरी स्वतःची भाषा त्यांच्यापाशी असू द्या.