'जातिवंत' या शब्दाविरुद्ध

मराठी समीक्षेला 'जातिवंत' या विशेषणाचे विलक्षण वेड आहे. कथाकार जातिवंत, कवी जातिवंत, बोलीसुद्धा जातिवंत. हा शब्द घोडेबाजारातून आला की जातिव्यवस्थेतून, याचा निवाडा आम्ही कोशकारांवर सोडतो. तो वापरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र शर्यतीचा घोडा उभा असतो : रक्त शुद्ध, बाप नामांकित, म्हणून चाल उत्तम. आमचे म्हणणे असे, की हा घोडाच त्या शब्दाविरुद्ध साक्ष देतो.

थरोब्रेडचे कूळ सांगताना तीन बापांची नावे घेतली जातात : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिघेही इंग्लंडात परके. डार्ली तर 1704 साली अलेप्पोहून आला. म्हणजे जगातील सर्वांत 'शुद्ध' घोड्याचा आरंभच संकरातून झाला. पुढे 1791 साली जेम्स वेदर्बी यांनी वंशपुस्तक छापले. नोंदवहीचे दार हळूहळू बंद झाले आणि त्या बंद दारालाच शुद्धता म्हणू लागले.

गंमत अशी, की त्या पुस्तकाची मांडणी घोडींच्या नावांखाली आहे. बापांचा जयघोष पुस्तकाबाहेरचा. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने तर कमी अंतराच्या वेगाशी निगडित असलेल्या जनुकरूपाचा माग सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या एका घोडीपर्यंत नेला. ती बहुधा ब्रिटनमधलीच, स्थानिक. तिचे नाव कोणी गर्जत नाही. आणि बंद दाराची किंमत? 2020 च्या अभ्यासात दहा हजारांहून अधिक घोडे तपासले गेले, तेव्हा गेल्या पाच दशकांत अंतःप्रजनन वाढत गेल्याचे दिसले.

आता आपल्याकडे पाहू. भारतातील थरोब्रेडचे वंशपुस्तक पुण्यातून सांभाळले जाते. त्याच पुणे परिसरातील भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांची घोडदौड झाली. त्यांच्या गौरवाची भाषणे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण भीमथडीची स्वतंत्र अश्वजात म्हणून राष्ट्रीय नोंद व्हायला 2023-24 उजाडावे लागले. तोवर हा घोडा काय कुलहीन होता? नाही, त्याच्या कुळाची वही कोणी ठेवली नव्हती, इतकेच.

आम्ही हे पडेगावातून लिहितो. दौलताबादच्या रस्त्यावरील हे गाव. जवळचे शहर मलिक अंबरने 1610 साली खडकी या नावाने वसवले. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला, अनेकदा विकला गेलेला हा पुरुष दख्खनी घोडेस्वारांच्या बळावर मुघलांना झुंजवत राहिला. त्याचा 'बाप' कोणत्या वहीत शोधावा? याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. त्यात लिहिणाऱ्यांपैकी कितीकांच्या घराण्यात त्यांच्यापूर्वी कोणी लेखणी धरली नव्हती. 'जातिवंत' या कसोटीवर ते आधीच बाद. साहित्याच्या कसोटीवर त्यांनी मराठीचे दार उघडले.

यावर आक्षेप येईल, की मग परंपरेचा अभ्यास सोडून द्यायचा काय? मुळीच नाही. नोंद ठेवावी, आणि अधिक काटेकोर ठेवावी. कोणी कोणापासून काय घेतले, कोणत्या अनाम लोकगीताचे ऋण कोणत्या नामांकित कवितेत आहे, हे शोधणे हेच समीक्षेचे काम. आमचा विरोध नोंदीला नाही, नोंदीलाच गुणवत्ता समजण्याला आहे. पडेगावात शासकीय महामंडळाचे शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे. उस्मानाबादी शेळी पाळणारा साधा शेतकरीही जात विचारतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. जुळी होतात का, दूध किती, दुष्काळात तग धरते का, हेही तो विचारतो. आमच्या विद्यापीठीय समीक्षेने निदान इतके तरी विचारावे.

तेव्हा विद्यार्थिमित्रांना आमची एकच विनंती आहे. पुढच्या निबंधात 'जातिवंत लेखक' असे लिहिण्याचा मोह झाला, तर तो शब्द खोडून त्याजागी त्या लेखकाने नेमके काय केले ते लिहावे. वाक्य लांबेल खरे. पण ते समीक्षेचे असेल, बाजारातल्या दलालाचे नव्हे.