कोऱ्या कागदावरचा नवा अंगठा

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे जोडपे, ज्याला कारखान्याच्या हिशेबात नुसते 'एक कोयता' म्हणतात, ते कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात जाते. मुले आजी-आजोबांपाशी अथवा हंगामी वसतिगृहात राहतात. पूर्वी हंगामभर त्यांची ख्यालीखुशाली कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी निरोपावरून कळत असे. आता तोड आणि भरणी आटोपली की कोपीत बसलेली आई व्हॉट्सअ‍ॅपवरून मुलाचे तोंड पाहते. तंत्रविज्ञानाने कष्टकऱ्याला दिलेले हे सुख खरे आहे आणि ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो त्या सुखाची किंमत कोण, कशी आणि कोणाला न विचारता वसूल करतो, हा.

बोलणे संपते, मुलाचा चेहरा पडद्यावरून जातो आणि त्याच जागी पुष्कळदा एक चौकट उगवते : कॉलचा दर्जा कसा होता? पाच चांदण्यांपैकी किती देता? हे तिने मागितलेले नसते. उत्तर कोठे जाते, त्याच्यासोबत आणखी काय जाते, हे त्या चौकटीत सांगितलेले नसते. थकलेला अंगठा कोठेतरी टेकतो आणि चौकट नाहीशी होते. इंटरनेटवरून बोलणे करून देणाऱ्या बहुतेक सर्व कंपन्यांची हीच रीत आहे.

'एवढ्याशा प्रश्नाचा केवढा हा बाऊ!' असे म्हणणारे आपल्यातही भेटतील. दर्जा विचारला नाही तर सेवा सुधारणार कशी, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो वरकरणी बिनतोड वाटतो, म्हणूनच तपासून पाहिला पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण २०१६ पासून सांकेतिक कुलपात बंद असते आणि त्यातील शब्द कंपनीला ऐकता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु कंपनीच्या स्वतःच्या गोपनीयता धोरणात ती काय काय गोळा करते याची यादी आहे : वापराची वेळ, वारंवारता आणि कालावधी, फोनची जात, बॅटरीची पातळी, सिग्नलची ताकद, मोबाइल कंपनी, इंटरनेटवरील पत्ता. याचा अर्थ सेवेचा दर्जा मोजण्याची यंत्रसामग्री कंपनीपाशी आधीच आहे. आवाज तुटला की नाही, हे तिला त्या बाईच्या आधी कळते. मग चांदण्या कशासाठी? यंत्राला न कळणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणसाचे समाधान किंवा चीड. तीच तेवढी तिच्याकडून फुकट काढून घ्यायची असते. कारखानदार उसाच्या वाढ्यांचासुद्धा हिशेब ठेवतो. येथे मात्र कोट्यवधी माणसे बिनमजुरीची परीक्षक झाली आहेत आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याच खात्यावर नाही.

दुसरे असे की, 'सेवा सुधारण्यासाठी' या शब्दांचा इतिहास स्वच्छ नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्काइपवर भाषांतराची सोय वापरणाऱ्यांची संभाषणे कंत्राटी माणसे ऐकत होती, हे ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झाले. ती सोय सुधारणे हेच त्याचे समर्थन होते. त्याआधी २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांत अमेरिकन हेरखात्याच्या माहिती-संकलनाच्या योजनेत स्काइपचे नाव होते. स्काइप मे २०२५ मध्ये बंद पडले, पण सुधारणेच्या नावाने दार किलकिले ठेवण्याची ती वृत्ती बंद पडलेली नाही.

आणि संमतीचे काय? फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले आणि २०१६ पासून वापरणाऱ्यांची माहिती आपल्या उद्योगसमूहात फिरविण्यास आरंभ केला. २०२१ साली नव्या अटी आल्या, त्या 'मान्य करा, नाही तर सोडा' या भाषेत. भारतीय स्पर्धा आयोगाने त्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु जाहिरातींसाठी माहिती वाटून घेण्यावरील पाच वर्षांची बंदी उठविली. ही संमती बीड जिल्ह्याला नवी नाही. उचल देताना कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेणारा मुकादमही 'तिने राजीखुशीने अंगठा दिला' असेच म्हणत आला आहे. ज्याला नकाराची सोय नाही त्याच्या होकाराला संमती म्हणणे ही भाषेची नव्हे, माणसाची फसवणूक आहे.

कायदा मदतीला येईल काय? दूरध्वनीवरील संभाषण खासगीपणाच्या हक्कात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या (पीयूसीएल) खटल्यात सांगितले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरविले. त्यानंतर आलेला २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सहाव्या कलमात मोकळ्या, जाणत्या आणि बिनशर्त संमतीची भाषा बोलतो. परंतु सातवे कलम म्हणते की, एखाद्याने विशिष्ट हेतूसाठी स्वेच्छेने माहिती दिली आणि नकार कळविला नाही, तर ती वापरता येईल. चांदणीवर टेकलेला अंगठा 'स्वेच्छा' ठरविण्यास कंपन्यांच्या वकिलांना याहून सोयीचे काय हवे? कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना आणखी अठरा महिन्यांची सवलत मिळाली. दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जाईल. जिची माहिती गेली तिला छदामही नाही. उलट तिची तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली तर तिलाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड! आणि सरकारने आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याची वाट स्वतःसाठी राखून ठेवली आहे. आणीबाणी पाहिलेल्या चळवळीला या वाटेचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

येथे कोणी म्हणेल की समाजवाद्यांचा पाहणीलाच विरोध आहे. तसे मुळीच नाही. याच बीड जिल्ह्यात, स्त्री-संघटनांनी आणि वृत्तपत्रांनी आवाज उठविल्यावर, राज्य सरकारने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढली गेल्याचे तीत आढळले. त्या प्रश्नांना हेतू होता, विचारणारा विधिमंडळाला जबाबदार होता आणि निष्कर्ष जनतेसमोर आले. त्या आकड्यांच्या बळावर संघटना भांडू शकल्या. चांदण्यांच्या पाहणीचा निष्कर्ष मात्र चांदण्या देणारीला कधीच कळत नाही. लोकांची पाहणी आणि लोकांवरची पाळत यांतला भेद हाच आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. न मागितलेला प्रश्न मुळातच बंद असावा. ज्याला हवा त्याने तो सुरू करावा. एकदा दिलेला नकार कायमचा मानला जावा. उत्तरासोबत काय जाते, हे त्याच चौकटीत सोप्या मराठीत लिहिलेले असावे. आठव्या अनुसूचीतील भाषांत सूचना देण्याचे बंधन कायद्यातच आहे. आणि भरपाईचा हक्क ज्याचे नुकसान झाले त्याला मिळावा.

मात्र हे मागण्यापूर्वी आपले घरही झाडले पाहिजे. मोर्चाच्या तयारीसाठी कामगारांची नावे, आधार क्रमांक आणि फोटो त्याच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकणारे कार्यकर्ते आपल्यातच आहेत. मुकादमाच्या वहीतून मुक्त करायचे आणि दुसऱ्याच वहीत नाव चढवायचे, ही मुक्ती नव्हे. यंदा दसऱ्यानंतर तळांवर जाणाऱ्या कार्यकर्त्याने किमान वेतनाच्या पत्रकाबरोबर आणखी एक गोष्ट शिकवावी : न वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. कागद आता काचेचा झाला आहे, इतकेच.