उपवास आणि जठराग्नी

आषाढी एकादशीस आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, वर तळलेले वडे असा बेत असे. रात्री मातोश्री पित्ताने तळमळत. तरी पुढच्या एकादशीस बेत तोच! वर्षाऋतूत जठराग्नी मंदावतो, असे चरकसंहिता सांगते. मग या जड फराळास लंघन कसे म्हणावे? आणि साबुदाण्याचा कंद, बटाटा, भुईमूग ही तिन्ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. आपल्या ऋषिमुनींना ती ठाऊकही नव्हती. ज्यांना सोसत नाही, त्यांनी वरीचा मऊ भात, एखादे फळ व सैंधव घातलेले ताजे ताक एवढ्यावर राहावे. द्वादशीच्या पारण्यासही मुगाचे वरण-भात पुरे. मातोश्रींनी उतारवयात हेच आरंभिले, आणि एकादशीच्या रात्री भजन संपेतो त्या स्वस्थ बसू लागल्या.