खुर्ची: बसण्याची आणि उठण्याची

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात ‘एरॉन’ नावाची एक खुर्ची आहे. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीने ती १९९४ साली बाजारात आणली. तिला गादी नाही. बैठक आणि पाठ दोन्ही ताणलेल्या जाळीची आहेत. आज ती कार्यालयातील खुर्ची म्हणून प्रसिद्ध असली, तरी तिचे मूळ वृद्धांच्या आसनात आहे.

बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या तिच्या रचनाकारांनी त्याआधी याच कंपनीसाठी वृद्धांच्या बसण्याचा अभ्यास केला होता. त्यांना दिसले, की आरामखुर्चीत बसताना वृद्ध मागचा अंदाज न घेता अंग टाकून देतात; पाय वर घेण्याची कळ त्यांच्या हाताला सहज येत नाही; आणि जाड फोममध्ये उष्णता व घाम कोंडून, भार ठरावीक जागीच पडून त्वचेला व्रण होतात. या अभ्यासातून ‘सेरा’ नावाची खुर्ची तयार झाली. पण ती विक्रीस आलीच नाही. तिच्यामागचा विचार पुढे एरॉनमध्ये उतरला. ज्यांच्यासाठी तो झाला, ते वृद्ध मात्र मागेच राहिले.

आपल्या घरीही बहुधा असेच घडते. सोफा दिवाणखान्याच्या शोभेसाठी येतो आणि आजोबा त्याच्या खोल, मऊ कोपऱ्यात रुततात. उठण्यासाठी ज्याला दरवेळी हाक मारावी लागते, तो संकोचाने लघवीला जाणे टाळतो आणि त्यासाठी पाणी कमी पितो. पुढचे त्रास तेथून सुरू होतात.

म्हणून काही गोष्टी पाहाव्यात. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत आणि गुडघे साधारण काटकोनात राहावेत. हात भक्कम असावेत. त्यांवर जोर देऊन उठता यावे. बैठक घट्ट असावी, पण कडक नको. खुर्ची बुटकी असल्यास सुताराकडून पायांना पक्के ठोकळे बसवून घ्यावेत. वर उशांची चळत रचू नये, ती सरकते.

उत्तम खुर्चीतही फार वेळ एकाच जागी बसू नये. अर्ध्या तासाने तरी भार बदलावा. शुश्रूषा करणाऱ्यांनी रोज स्नानाच्या वेळी माकडहाड व नितंबांवरील त्वचा पाहावी. रंग बदललेला डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल, तर त्या जागेवर बसणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

नवी खुर्ची घेताना वडीलधाऱ्यांना दुकानात सोबत न्यावे. त्यांना दहा मिनिटे बसू द्यावे आणि मग कोणीही हात न देता उठता येते का, ते पाहावे.