पहिली पीआर टाकली, दुसरीचं काय?

ऑक्टोबर उजाडला की इंजिनीअरिंग आणि बीसीएच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘पीआर टाकली का?’ आमच्या मास कॉमच्या वर्गात पीआर म्हणजे पब्लिक रिलेशन्स. तिकडे पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट. ‘तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी हा बदल सुचवतोय, तपासा आणि पटला तर घ्या,’ अशी रीतसर विनंती. पण हल्ली या दोन पीआरमधला फरक फारच कमी उरलाय. रेझ्युमेवर ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर’ अशी ओळ हवी, लिंक्डइनवर बॅज हवा, म्हणून पीआर टाकायची. ती कोण वाचतं, कधी वाचतं, वाचून त्याला काय वाटतं, याच्याशी आपलं देणंघेणं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिल्या पीआरचं कौतुक आता पुरे झालं. ओपन सोर्समध्ये तुम्ही खरंच काही दिलंत की नाही, हे दुसऱ्या पीआरवरून कळतं. आणि त्याहून जास्त, तुमच्या मागून आलेल्याला पहिली पीआर टाकायला तुम्ही मदत केलीत की नाही, यावरून कळतं.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. सिनेमा बघायला लावलेलं व्हीएलसी, फायरफॉक्स, अँड्रॉइड फोनच्या पोटातलं लिनक्स, हे सगळं त्यातलंच. लिनक्सची घोषणा २५ ऑगस्ट १९९१ रोजी झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता आणि २१ वर्षांचा होता. म्हणजे आपल्याच वयाचा. त्यामुळे ‘आपण काय करणार बुवा’ ही सबब इथे चालत नाही. उलट सध्या आपण जरा जास्तच करतोय, अशी तक्रार आहे.

टी-शर्टचं प्रकरण

हॅक्टोबरफेस्ट हा उपक्रम डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये सुरू केला. ऑक्टोबरमध्ये ठरावीक पीआर टाका आणि टी-शर्ट मिळवा, अशी साधी गंमत. नवी मुलं ओपन सोर्सकडे यावीत हा हेतू चांगलाच होता. पण २०२० मध्ये भलतंच झालं. एका लोकप्रिय हिंदी यूट्यूब चॅनेलने पीआर कशी टाकायची हे एका प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये किरकोळ बदल करून दाखवलं. झालं! जगभरच्या प्रकल्पांवर तसल्याच पीआरचा पाऊस पडला. कुठे शीर्षकात ‘अमेझिंग’ घुसवलेलं, कुठे नुसती एक स्पेस वाढवलेली. संतापलेल्या लोकांनी एवढा आवाज उठवला की महिन्याच्या तिसऱ्याच दिवशी आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांची सहभागाला संमती आहे, तिथल्याच पीआर मोजायच्या, असं ठरलं. पुढे २०२३ मध्ये टी-शर्ट जाऊन डिजिटल बॅज आले.

बरं, बक्षीस नसलं म्हणून फरक पडतो असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस जेएस या प्रकल्पावर शेकडो पीआर आल्या आणि त्यांत मुलांनी रीडमीमध्ये आपापली नावं लिहिली होती. इथेही मूळ सापडलं ते आपल्याकडच्या एका गिट ट्युटोरियलमध्ये. शिकवताना उदाहरण म्हणून एक्सप्रेसचं पान उघडलं होतं, मुलांनी सरावही तिथेच केला. ज्या प्रकल्पावर जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स चालतात, त्याची आपण सरावाची वही केली.

यात मुलांचा वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे. पण पुणे, नागपूर किंवा नांदेडच्या एखाद्या मुलीने आठवडाभर खपून खरीखुरी चूक दुरुस्त केली, तर तिची पीआर त्याच रांगेत जाऊन बसते. वाचणारा आधीच वैतागलेला. प्रोफाइलवर भारतीय कॉलेजचं नाव दिसलं की तो दोन सेकंदांत बंद करणार नाही, याची खात्री कोण देणार? टी-शर्ट एकाने घेतला आणि किंमत दुसरीने मोजली, असा हा व्यवहार आहे.

रांगेच्या पलीकडे कोण बसलंय?

आपल्याला वाटतं, एवढं मोठं सॉफ्टवेअर म्हणजे पलीकडे मोठं ऑफिस असणार, पगारी माणसं असणार. काही प्रकल्पांचं तसं असतंही. पण कित्येक प्रकल्पांच्या मागे एक-दोनच माणसं असतात. दिवसा नोकरी आणि रात्री हे. त्यांना मेंटेनर म्हणतात.

एक्सझेडची गोष्ट यासाठी प्रत्येकाने वाचायला हवी. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं एक छोटं टूल, पण ते जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळत होता लासे कॉलिन हा एकटा माणूस, छंद म्हणून, बिनपगारी. ‘जिया टॅन’ या नावाने एक जण आला. त्याने दोनेक वर्षं नेटाने काम केलं, विश्वास मिळवला. मधल्या काळात आणखी काही अनोळखी नावांनी ‘काम फार हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या’ असा लकडा लावला. शेवटी जिया टॅनच्या हाती अधिकार आले आणि त्याने त्या टूलमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला आपलं लॉगिन साधारण अर्ध्या सेकंदाने हळू होतंय असं जाणवलं, त्याने खोदून पाहिलं आणि जगावरचं मोठं संकट टळलं.

यातून ‘नव्या माणसावर विश्वास ठेवू नका’ असा धडा काही जण काढतात. मला तो पटत नाही. त्या एकट्या माणसाच्या आजूबाजूला हळूहळू तयार झालेली चार-पाच माणसं असती, तर त्याला दमून एका अनोळखी माणसावर विसंबावं लागलं नसतं. नवी माणसं घडवणं हे ओपन सोर्समध्ये समाजसेवेचं वेगळं खातं नाही. प्रकल्प जिवंत आणि सुरक्षित राहण्याची तीच तर सोय आहे.

आणि मेंटरकडे सगळ्यात कमी असतो तो वेळ. आपण पीआर टाकतो तेव्हा आपण काही देतोय असं आपल्याला वाटतं. खरं तर सुरुवातीला आपण घेत असतो. आपला दहा ओळींचा बदल तपासायला, काय चुकलंय ते समजावून सांगायला जो वेळ जातो, तेवढ्यात त्या माणसाने तो बदल स्वतः दोनदा केला असता. तरी तो समजावतो, कारण पुढच्या वेळी हा मुलगा स्वतः करेल अशी त्याला आशा असते. आपण बॅज घेऊन गायब झालो की ती आशा वाया जाते.

आता तर एआय आलंय. कोड न वाचताच चॅटबॉटकडून पीआर लिहून घेता येते. कर्ल हे टूल सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग एआयने लिहिलेल्या खोट्या सुरक्षा रिपोर्टांबद्दल जाहीरपणे वैतागलेत. लिहायला अर्धा मिनिट आणि तपासायला अर्धा दिवस, हे गणित कुठल्याच स्वयंसेवकाला परवडणारं नाही.

आधी ओळख, मग कोड

चांगलं मेंटरिंग कसं असतं याची उदाहरणं आपल्यासमोर आहेत. २००५ पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोडमध्ये निवड झाल्यावर लगेच कोडिंग सुरू होत नाही. आधी काही आठवडे ‘कम्युनिटी बाँडिंग’चे. माणसं कोण आहेत, प्रश्न कुठे विचारायचा, निर्णय कसे होतात, हे समजून घ्यायचं.

बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स ग्रुपने २००८ मध्ये उन्हाळी ट्रेनिंग सुरू केलं, तेही मोफत आणि फक्त टेक्स्ट चॅटवर. तिथली एक पद्धत मला फार आवडते. प्रश्न असेल तर आधी नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं. म्हणजे हात वर केला. मग आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. शिकवण्याची सुरुवातही संवादापासून होते. प्रश्न नीट कसा विचारायचा, उत्तर कसं लिहायचं. कोड नंतर.

पुण्यात ढोल-ताशा पथकात असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्याच दिवशी कुणी कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडवर जात नाही. आधी महिना-दीड महिना सराव, शेजारी जुना वादक, हात चुकला की तो डोळ्यांनीच सांगणार. आणि पुढच्या वर्षी तुम्ही नव्या पोराच्या शेजारी उभे. पथक टिकतं ते असं. ओपन सोर्स याहून वेगळं नाही.

दुसरी बाजूही आहेच

सगळा दोष मुलांच्या माथी मारणं मात्र चुकीचं ठरेल. काही मेंटेनर खरंच तुसडे असतात. साधा प्रश्न विचारला तरी ‘आधी डॉक्युमेंटेशन वाचा’ म्हणून झिडकारतात. सगळा कारभार इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कोडपेक्षा खालची कमेंट लिहायचीच जास्त भीती वाटते. आणि दार उघडं आहे म्हणून सगळे आत येतातच असंही नाही. २००६ मध्ये नोम या प्रकल्पाकडे समर ऑफ कोडसाठी १८१ अर्ज आले, त्यात एकही मुलीचा नव्हता. त्यांनी ‘मुली येतच नाहीत’ म्हणून विषय संपवला नाही. मुलींसाठी वेगळा उपक्रम काढला आणि त्याचंच पुढे आउटरीची झालं. मेंटरिंग म्हणजे नुसती उत्तरं देणं नव्हे, कोण आलंच नाही हेही बघणं.

आपली कॉलेजंही यात आहेत. किती पीआर टाकल्या याचे मार्क दिले तर मुलं पीआरच मोजणार. त्यापेक्षा एका प्रकल्पात सहा महिने टिकून काय केलं ते विचारा. नव्या शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट आहेत. सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्याऐवजी तिसऱ्या वर्षाच्या मुलाने दुसऱ्या वर्षाच्या दोघांना एखाद्या प्रकल्पात हाताला धरून नेलं, तर ते त्यात का बसू नये?

मग करायचं काय?

जे टूल रोज वापरता ते एक निवडा. प्रकल्प कसा चालतो हे सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंग फाइल नीट वाचा. सराव स्वतःच्या रिपॉझिटरीत करा, तिथे वाट्टेल तेवढी नावं लिहा. कुणी बग नोंदवला असेल तर तो आपल्या मशीनवर येतो का ते करून बघा आणि काय दिसलं ते लिहा. एवढ्यानेही मेंटेनरचा वेळ वाचतो. कमेंट आली की पळून जाऊ नका. आमच्याकडे डेस्कवरून कॉपी लाल खुणांसकट परत येते, तेव्हाच शिकणं सुरू होतं. कोड रिव्ह्यूचंही तसंच आहे.

कोड येत नसेल तरी काम आहे, आणि ते मराठीतही आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिसचं मराठी भाषांतर लोकसहभागातून होतं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो. लोहित देवनागरीसारखा मोफत फाँट आपल्याला मिळाला, त्यावर पुण्यातल्या इंजिनीअर्सनी काम केलं म्हणून. माझ्यासारख्या बिगर-कोडवाल्यांनी निदान डॉक्युमेंटेशनमधली बोजड वाक्यं सोपी करावीत, हे तर आमचंच काम.

आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं. तुमची पीआर मर्ज झाली की स्क्रीनशॉट जरूर टाका. पण त्याखाली ‘ज्याला शिकायचंय त्याने मला विचारा’ अशी एक ओळही टाका, आणि कुणी विचारलं तर खरंच वेळ द्या. तज्ज्ञ व्हायची वाट बघू नका. तीन महिन्यांपूर्वी जिथे तुम्ही अडला होतात ते अजून तुमच्या लक्षात आहे. दहा वर्षांचा अनुभव असलेला मेंटेनर ते केव्हाच विसरलाय.