पाण्यातले इंधन आणि शंभरातले दोन रुपये

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. त्यांपैकी १७,४९० कोटी यंत्रनिर्मिती व हायड्रोजननिर्मिती करणाऱ्या उद्योगांना प्रोत्साहन म्हणून, तर संशोधनासाठी अवघे ४०० कोटी. म्हणजे शंभरातले दोन रुपये! धोरणाचा कल कोणाकडे आहे, हे सांगण्यास यापरता पुरावा नको.

पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सिद्धांततः सुमारे ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात आजची यंत्रे बहुधा ५० ते ५५ युनिट खातात. धनाग्रावर प्राणवायू मुक्त होण्याची क्रिया मुळातच मंद असल्याने तिला जादा विद्युत्दाब द्यावा लागतो आणि तेवढी वीज उष्णता होऊन वाया जाते. उत्तम उत्प्रेरक, कमी रोधाचा पडदा, बुडबुड्यांचा त्वरित निचरा या मार्गांनी ही गळती कमी करता येते. परंतु त्यासाठी चिकाटीचे संशोधन हवे.

कारखाने वाढले की किंमत आपोआप उतरेल, असा युक्तिवाद केला जातो. यंत्राची किंमत उतरेलही. पण यंत्राची भूक त्याने कमी होत नाही, आणि हायड्रोजनच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा विजेचाच असतो. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. किलोमागे एकच युनिट वाचले तरी वर्षाकाठी ५०० कोटी युनिट वाचतील. म्हणजे सुमारे तीन हजार मेगावॉटचे सौर प्रकल्प टळतील. मेगावॉटला चार-पाच एकर धरले, तर बारा ते पंधरा हजार एकर जमीन! ही जमीन उद्योगपतींच्या बंगल्यांभोवतीची नव्हे. ती गुरे चारणाऱ्यांची माळराने आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची शेते असणार. म्हणूनच कार्यक्षमतेचा प्रश्न हा केवळ प्रयोगशाळेचा नाही, तो सामाजिक न्यायाचा आहे.

हे तंत्र देशाला नवे नाही. १९६० च्या दशकात नांगल येथील सार्वजनिक खतकारखाना भाक्राच्या विजेवर पाण्यापासूनच हायड्रोजन काढीत होता. तो अनुभव जनतेच्या मालकीचा होता. आज जनतेच्या पैशातून जे ज्ञान निर्माण होईल, तेही जनतेच्याच मालकीचे राहिले पाहिजे. संशोधनाचा वाटा वाढविणे आणि त्याची फळे खाजगी एकस्वांच्या कुलुपात जाऊ न देणे, या दोन मागण्यांचा आग्रह समाजवादी कार्यकर्त्यांनी आताच धरला पाहिजे. जमिनी गेल्यावर धरलेल्या आग्रहाला अर्थ उरणार नाही.